पोरींची व्हॉलीबॉल टीम सोडून द्यावी का? पालक, ओरडणारे कोच आणि डोक्यावरची नोकरी

फक्कीवाले_सर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहायची वेळ आज आली. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे, १४ वर्षं झाली. १७ वर्षांखालच्या मुलींची व्हॉलीबॉलची टीम माझ्याकडे असते. आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल लागतो. तालुक्याच्या शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यातच येतात. म्हणून दरवर्षी जूनमध्ये मी आणि पोरी मिळून मुरूम पसरतो, धुमसाने चोपतो, खांब सरळ करतो, फक्कीने पांढऱ्या रेषा मारतो. चेंडू दोन. त्यातल्या एकाची शिवण मी दोनदा चिकटवली आहे.

यंदा तालुका जिंकलो. जिल्ह्याला सेमीफायनलपर्यंत गेलो. तीन सेटची मॅच, एक-एक बरोबरी, तिसरा सेट १५चा. ५-६ असताना मी टाइमआउट घेतला आणि लिफ्टरवर, म्हणजे मारायला चेंडू वर उचलून देणाऱ्या मुलीवर, ओरडलो. ‘डोकं घरी ठेवून आलीस का?’ असं सगळ्यांसमोर म्हणालो. ती नववीत आहे. पुढे ९-११ झालं तेव्हा मी आमची मुख्य स्मॅशर बाहेर काढली. सलग तीन चेंडू तिने जाळीत आणि ब्लॉकवर घातले होते, शिवाय उतरताना डावा पाय जपून टाकत होती. ११-१५ ने हरलो.

मॅच संपायच्या आधीच तिचे वडील रेषेच्या आत आले. ‘दहावीचं वर्ष आहे पोरीचं, तिचे खेळाचे मार्क तुम्ही खाल्ले’ असं म्हणाले. पंचांनी त्यांना बाहेर नेलं. मुलगी खांबाला टेकून रडत होती. दोन दिवसांनी पाच पालकांच्या सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांकडे आला: सर पक्षपात करतात, सर मुलींना टाकून बोलतात. पहिलं खोटं आहे. दुसरं खोटं आहे असं मला लिहिता येत नाही.

आता नोकरीचं. शाळेचा पट घसरतोय. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एक पद जाईल असं बोललं जातं आणि अतिरिक्त ठरणाऱ्यात खेळाचा मास्तर पहिला, हे सगळ्यांना माहीत आहे. जुलैत मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं, ‘विभागाला टीम गेली, पेपरात फोटो आला, तर संस्थेपुढे तुमची बाजू मांडता येईल.’ तेव्हापासून मला झोप नीट नाही. त्या टाइमआउटला तोंडातून जे निघालं ते कुठून आलं, हे मी रोज स्वतःला विचारतो.

आठ दिवसांत खुलासा द्यायचा आहे. बायको म्हणते टीम सोडा, पीटीचे तास घ्या, बीएलओचं, मतदार यादीचं काम करा, पाच वाजता घरी या. काय करू?

आप्पा_शिरपूर

सर, टीम सोडानी नही. आमना गावमा मैदान शे, खांब शेत, पन शिकाडनारा मानूस नही. पोरी जाळी दखीसन घर जातीस.

भुसावळचा_लिफ्टर

सर, मी लिफ्टर होतो म्हणून लिफ्टरच्या डोळ्यांनी तुमची मॅच वाचली. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात. मला ती एकच गोष्ट दिसते.

५-६ ला तुम्ही लिफ्टरवर ओरडलात. त्यानंतर तिने चेंडू कुणाला दिले ते आठवा. मी पैजेवर सांगतो, जवळजवळ सगळे त्या एकाच स्मॅशरला, चार नंबरवर (जाळीच्या डाव्या टोकाला), उंच आणि जाळीपासून लांब. घाबरलेला लिफ्टर तेच करतो. मागे दोन नंबरला (उजव्या टोकाला) द्यायची, मधून छोटा द्यायची त्याची हिंमत होत नाही, कारण तो चुकला तर पुन्हा बोलणी बसतील. मोठ्या पोरीला उंच दिला की आपली जबाबदारी संपली असं त्याला वाटतं. समोरच्यांना हे दोन चेंडूंत कळतं आणि डबल ब्लॉक तिथेच येऊन उभा राहतो. मग तुमची स्मॅशर जाळीत मारणार नाही तर काय करणार? तिला बाहेर काढलंत, पण चूक तिच्या हातात नव्हतीच.

रागावू नका. हे मला शिकायला वीस वर्षं लागली.

१९८६ ला सोलच्या एशियाडमध्ये भारताने कांस्य घेतलं, त्या वर्षी आमच्या रेल्वे कॉलनीत जाळं लागलं. जिमी जॉर्जचं नाव आम्ही देवासारखं घ्यायचो. तेव्हा सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण, एकेक सेट तासभर चालायचा. लिबेरो (फक्त बचाव करणारा खेळाडू) नव्हता, रॅली पॉइंट (सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक चेंडूला गुण) नव्हता, ते सगळं १९९८च्या आसपास आलं. आमचे कोच हातात खैराची छडी घेऊन उभे राहायचे. पास चुकला की पोटरीवर. मे महिन्यात, भुसावळच्या ४५ डिग्रीत, पाणी मागितलं की आणखी दोन फेऱ्या. आम्ही जिंकायचो. म्हणून मी पुढे कोच झालो तेव्हा छडीच उचलली.

मला वाटायचं जगात सगळे असेच घडतात. १९६४ ला टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं आणि जपानच्या मुलींनी सुवर्ण घेतलं, ती गोष्ट आम्हाला कोचच सांगायचे. हिरोबुमी दाईमात्सु त्यांचे प्रशिक्षक. बहुतेक मुली एका कापड कंपनीत कामाला होत्या, दिवसा काम आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत सराव. जमिनीवर लोळून चेंडू घ्यायचा आणि त्याच गतीत उभं राहायचं, ही त्यांची खासियत. पण आमचे कोच एक सांगायचे नाहीत: त्या मुली मोठ्या होत्या, कमावत्या होत्या. तुमच्या-माझ्यासमोर १४ वर्षांची पोरगी असते आणि तिला घरी जाऊन भाकरी टाकायची असते.

माझी छडी कशी सुटली ते सांगतो. एका पोराला मी मारलं, चांगला लिफ्टर होता. दुसऱ्या दिवसापासून तो चेंडू द्यायच्या आधी माझ्याकडे बघायला लागला. चेंडू हवेत आणि याची नजर बाकावर! लिफ्टरने समोरचा ब्लॉक बघायचा असतो. त्या दिवशी मला कळलं की हा पोरगा माझ्यामुळे आंधळा झालाय.

टाइमआउट ३० सेकंदांचा असतो. दहा सेकंद पाणी, दहा सेकंद श्वास, उरलेल्या दहांत एकच वाक्य बसतं. मी पुढे एवढंच बोलायला लागलो, ‘दोन नंबर मोकळा आहे.’

खुलाशात लिफ्टरचं लिहा, खरं लिहा.

लेकीची_आई_धुळे

सर, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, पण मी दुसऱ्या बाजूची आहे. त्या अर्जावर सही करणाऱ्यांत मी असते तर? कदाचित केली असती.

माझी मुलगी दोन वर्षं टीमच्या बाकावर आहे. टीमला बारा जणी, आत सहा, म्हणजे सहा घरांत रोज संध्याकाळी तोंड पाडलेली एक मुलगी येते. ‘आज खेळलीस?’ ‘नाही.’ ‘का?’ ‘माहीत नाही.’ हे ‘माहीत नाही’ दोन वर्षं ऐकतेय. सरांना एकदा फोन केला. ‘ताई, खेळातलं तुम्हाला कळणार नाही’ असं म्हणाले. मी एका दवाखान्यात नोकरी करते, तीन पाळ्या सांभाळते, हिचे बूट दोन हप्त्यांत घेतले. मला खेळातलं कळत नसेल, पण माझ्या लेकीला सर्व्हिस येत नाही की पळता येत नाही की उंची कमी पडते, हे मराठीत सांगितलं तर कळेल ना? तिला हे सांगितलं तर ती घरी भिंतीवर मारून मारून सर्व्हिस शिकेल.

रेषेच्या आत येणाऱ्या बापाचं मी समर्थन करत नाही. तो चुकलाच. पण आम्हाला विचारायला जागा कुठे असते? पालकसभा मार्कांची. स्नेहसंमेलनात हार-तुरे. खेळाबद्दल शाळेने आम्हाला बोलावलंय असं एकदाही झालं नाही. बोलायला जागा एकच उरते, मैदान. आणि तिथे आवाज चढलेलाच असतो.

दुसरं, मुलींच्या पालकांचं वेगळं असतं. मुलगा हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा खेळेल. आमच्या नातेवाइकांत दहावीनंतर पोरीचं काय, हा प्रश्न लागलीच येतो. मोठ्या जाऊबाई परवाच म्हणाल्या, ‘हाफपँट घालून गावोगाव कशाला पाठवतेस?’ त्या बाईला उत्तर द्यायला माझ्या हातात एक प्रमाणपत्र लागतं. पोलीस भरतीत खेळाडूंना जागा असतात असं ऐकते, त्या आशेवर मी घरात भांडते. सरांनी पोरीला पाच मिनिटं आत पाठवलं तर माझं भांडण एक महिना पुढे सरकतं.

तुम्ही ओरडलात हे लिहिलंत, म्हणून मी एवढं लिहिलं. नाहीतर मी इथे नुसती वाचतेच.

कागदपत्रं_नीट

ताई आणि सर, काही गोष्टी स्पष्ट करतो, कारण अर्धी भांडणं यातून होतात. मी क्रीडा विभागाच्या कागदांशी बरीच वर्षं संबंधित आहे.

दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेने करायचा, तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून बोर्डाकडे जातो, आपल्याकडे नाशिक विभागीय मंडळाकडे. टीम ज्या पातळीपर्यंत गेली ती पातळी आणि कामगिरी बघितली जाते. यादीतल्या बारा जणींचं प्रमाणपत्र सारखंच असतं. शेवटच्या चेंडूला कोण आत होतं आणि कोण बाकावर होतं हे त्यावर कुठेही छापलेलं नसतं. तेव्हा त्या वडिलांचं ‘मार्क खाल्ले’ हे म्हणणं नियमात बसत नाही. त्यांना हे आजवर कुणी सांगितलेलं नसणार.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरं. पण नुसतं खेळल्याचा कागद चालत नाही. स्पर्धा कोणती, पातळी कोणती, क्रमांक कितवा, हे बघतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. तालुक्याच्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीची स्वप्नं रंगवलेली घरं मी बघितलीत. आशा दाखवणारा प्रत्येक वेळी कोचच असतो असं नाही, गल्लीतला कुणीही असतो. जूनमध्येच पालकांना बसवून हे स्वच्छ सांगावं. काहीजणी खेळ सोडतील, ज्या राहतील त्या खेळासाठी राहतील.

आणि सर, बदली खेळाडूचा नियम वापरा. एका सेटमध्ये सहा बदल करता येतात, सुरुवातीला खेळत असलेली मुलगी बाहेर गेली तरी त्याच सेटमध्ये एकदा परत येऊ शकते, जिच्यासाठी गेली तिच्याच जागी. ९-११ ला बाहेर काढताना ‘दोन पॉइंट बस, पाय हलव, परत घेतो’ एवढं म्हटलं असतं तरी ती रडत बसली नसती.

तासिकेवरचा_मास्तर

फक्कीवाले सर, तुमचं पद अनुदानित आहे, निदान पगाराची तारीख तुम्हाला माहीत असते. मी घड्याळी तासिकेवर. शिक्षणसेवकाचं मानधन जानेवारी २०२३ पासून माध्यमिकला १८,००० झालं, मी त्या रांगेतही नाही. सुट्टी लागली की तास नाहीत, तास नाहीत की पैसे नाहीत. म्हणून सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी आणि संध्याकाळी स्वतःची छोटी अकॅडमी.

माझा घोळ तुमच्यापेक्षा अवघड आहे. अकॅडमीत जी मुलं फी भरून येतात, त्यांच्यातलीच काही माझ्या शाळेच्या टीममध्ये. निवड करणारा मी, फी घेणारा मी. एक पालक थेट म्हणाले, ‘सर, महिन्याला पैसे भरतो, मग खेळवा ना.’ आणि ज्याच्या बापाकडे फी नव्हती, तो पोरगा, शेतमजुराचा, माझ्या सर्वांत चांगल्या तिघांत होता. त्याला मी बाहेर ठेवलं असतं तर घरभाडं सुटलं असतं. तो महिना मी विसरणार नाही.

शेवटी काय केलं ते सांगतो, तुमच्या कामी येईल. निवड स्वतःकडून काढून टाकली. शेजारच्या गावच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना बोलावलं, बदल्यात मी त्यांच्या निवडीला गेलो. दहा सर्व्हिसपैकी किती आत, दहा अंडरहँडपैकी किती लिफ्टरच्या डोक्यावर, भिंतीवर सलग किती फिंगर पास, उभ्याने आणि धावून उडी किती. वहीत लिहिलं, पोरांसमोर वाचून दाखवलं आणि कागद नोटीस बोर्डावर लावला. पालक आले, बोटाने ओळ शोधली, परत गेले. एकजण म्हणाला, ‘पासमध्ये चारच?’ मी म्हटलं हो, चारच. त्याने घरामागे भिंतीवर रेघ मारली आणि पोराला रोज शंभर पास मारायला लावले. तोच पोरगा पुढच्या वर्षी लिबेरो झाला.

आकड्यांत सगळं बसत नाही, हे मान्य. धीर आकड्यात बसत नाही, मैत्रिणीचा चुकलेला पास उचलायला धावणं बसत नाही. पण पालकाशी बोलायला हातात काहीतरी असतं.

गुडघ्याची_डॉक्टर

फिजिओथेरपिस्ट आहे. सगळे मार्क आणि पदांबद्दल बोलताय, मी त्या डाव्या पायाबद्दल विचारते. उतरताना पाय जपून टाकत होती, म्हणजे काय दुखत होतं?

व्हॉलीबॉलमध्ये गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर फार ताण येतो, जम्पर्स नी म्हणतात त्याला. वाढीच्या वयात वाटीखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटाही येतो. स्मॅश मारून एका पायावर उतरायची सवय असेल तर बहुधा तोच पाय दुखतो. मुरूम चोपलेलं मैदान सिमेंटसारखं कडक होतं, त्यात पातळ तळाचे बूट. वेदनेचा स्प्रे मारून पुन्हा आत पाठवणं हा इलाज नाही. सर्व्हिस, पास, फिंगर उभ्याने चालू ठेवा, उड्या मोजून कमी करा, दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरायला शिकवा. मुलींमध्ये गुडघ्याच्या मधला लिगामेंट (एसीएल) फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून उतरणं शिकवणं हे स्मॅश शिकवण्याच्या आधी यायला हवं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, तीन महिने दुखणं लपवलेलं. विचारलं, सरांना का नाही सांगितलं? म्हणाली, ‘सर चिडले असते आणि पप्पांनी खेळ बंद केला असता.’ सरांनी तिला बाहेर काढलं ते योग्यच केलं. फक्त तिला आणि बापाला कारण कळलं नाही.

माजी_कॅप्टन_नंदुरबार

मी १९ वर्षांखालच्या टीममधून विभागाला नाशिकला खेळले. आता बी.पी.एड. करतेय, म्हणजे उद्या तुमच्या जागी मी असेन.

आमचे एक सर कानाखाली मारायचे. गावाला ते मान्य होतं, आमच्या आयांनाही. ‘मारतात पण घडवतात.’ शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे; कायदा २००९चा, लागू २०१० पासून. मैदान त्यातून वगळलेलं नाही. ‘डोकं घरी ठेवून आलीस का’ हे चारचौघांत म्हणणं दुसऱ्यात मोडतं, सर, आणि तुम्हाला ते आतून कळलंय असं वाटतं म्हणून स्पष्ट लिहिते.

पण त्याच सरांनी आम्हाला पहाटे पावणेसहाला मैदानावर उभं केलं, स्वतःच्या खिशातून सुरत पॅसेंजरची तिकिटं काढली, शेवभाजीचे पार्सल आणले, माझ्या वडिलांना चार वेळा घरी येऊन समजावलं. माझं लग्न सतराव्या वर्षी ठरत होतं, ते त्यांच्यामुळे मोडलं. मी त्यांना देव म्हणू की काय म्हणू, आजही ठरत नाही. मारामुळे मी घडले नाही, हे मात्र पक्कं. मी घडले ते पावणेसहामुळे.

एक मागणी सगळ्या सरांकडे: मुलींची टीम बाहेरगावी नेताना सोबत बाई हवी. शिक्षिका नसेल तर एखादी आई. पाळी आली की आम्ही ‘पाय दुखतो’ सांगायचो आणि बाहेर बसायचो, मग आळशी म्हणून बोलणी खायचो. एवढी एक बाई सोबत असती तर निम्मे गैरसमज झाले नसते. त्या आईला टीम आतून दिसते, तो फायदा वेगळाच.

आश्रमशाळा_सातपुडा

धडगाव भागातल्या आश्रमशाळेत शिकवतो. पालकांच्या दबावाबद्दल वाचताना मला काय वाटलं ते लिहू की नको, असं झालं.

आमच्याकडे पालक येतच नाहीत. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात, गुजरातेत किंवा खाली पश्चिम महाराष्ट्रात. पोरी उड्या अशा मारतात की जाळी कमी पडते, डोंगर चढून उतरून पाय तयार झालेले. पण नोव्हेंबरात टीम जमली की एखादा बाप येतो आणि पोरीला घेऊन जातो, धाकट्याला सांभाळायला तोडीवर कुणीतरी लागतं. मी अडवू शकत नाही. माझी लिफ्टर अशीच गेली, टीमचा अर्ज भरल्यावर.

एकदा एका मुलीचे वडील मॅच बघायला आले होते. लांब बांधावर बसले. जवळ बोलावलं तर आले नाहीत. गुण कसे मोजतात हे त्यांना माहीत नव्हतं, पण पोरीने चेंडू मारला की ते उठून उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. संपल्यावर मला पावरी बोलीत विचारलं, उद्या पण आहे का? नव्हती, आम्ही हरलो होतो. मला ते सांगवेना.

फक्कीवाले सर, तुमचे पाच पालक अर्जावर सही करायला तरी आले. त्यांना मैदानावर बोलवा.

अमळनेर_ते_अमेरिका

माझी मुलगी इथे हायस्कूलच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आहे. मुलींमध्ये हा खेळ इथे फार मोठा, सीझन शरद ऋतूत असतो. जिम बंदिस्त, लाकडी फ्लोअर, चेंडूंची गाडी भरलेली. पण पालकांचं दुखणं अगदी आपल्यासारखंच, ‘माझी मुलगी किती खेळली?’ शाळेच्या टीमबाहेर क्लब असतात, त्यांची फी भरता भरता लोक मेटाकुटीला येतात आणि मग वाटतं की विद्यापीठाची शिष्यवृत्ती आता वसूल झालीच पाहिजे. चांगले कोच पालकांच्या मेलला कंटाळून सोडून जातात. आमच्या शाळेत तीन वर्षांत दोन कोच गेले.

दोन पद्धती मात्र घेण्यासारख्या वाटल्या. सीझनच्या आधी कोच सगळ्या पालकांना बसवून सांगतात, मी निवड कशी करतो, माझ्याशी काय बोलायचं, काय नाही. आणि मॅच झाल्यावर २४ तास कुणीही कोचशी खेळाबद्दल बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशीही आधी मुलीने स्वतः विचारायचं, मग आईबापांनी. मी स्वतः एकदा रात्री अकराला लांबलचक मेल लिहिला होता. नियमामुळे पाठवला नाही. सकाळी वाचला आणि पुसून टाकला.

भुसावळचा_लिफ्टर

२४ तासांचं उत्तम आहे. कोचनेही पाळावं. हरल्यावर बसमध्ये मॅचबद्दल एक शब्द नाही.

लेकीची_आई_धुळे

कागदपत्रंवाले दादा, खरं सांगितलंत त्याबद्दल आभार, वाईट वाटलं तरी. आणि मास्तर, तुमचा तो निवडीचा तक्ता मी हिच्या सरांना दाखवणार आहे. माजी कॅप्टन, सोबत जायला मी तयार आहे, मला पाळी बदलून मिळते. कुणी विचारलंच नाही आजवर.

फक्कीवाले_सर

मंडळी, सगळं वाचलं, काही दोनदा. उशिरा लिहितोय कारण मधल्या काळात बरंच झालं.

लिफ्टर दादा, तुम्ही पैज जिंकलात. आमच्या एका शिक्षकाच्या मुलाने शेवटचा सेट मोबाईलवर घेतला होता, तो मागवून बघितला. टाइमआउटनंतर तिने अकरा चेंडू उचलले, त्यातले नऊ एकाच जागी. आणि दोनदा, चेंडू हवेत असताना, ती माझ्याकडे बघतेय. व्हिडिओत स्पष्ट दिसतं. मी तो रात्री बंद करून अंधारात बराच वेळ बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांना गोल बसवलं आणि टीमसमोर तिची माफी मागितली, कारण बोललो होतो तेही टीमसमोरच. ती काही बोलली नाही, ओढणीचं टोक पिळत राहिली. पण संध्याकाळी तिने पहिल्यांदा मागे दोन नंबरला चेंडू दिला, चुकला, आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तोंड दुसरीकडे वळवलं.

खुलाशात हे सगळं जसंच्या तसं लिहून दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, एवढं लिहायची गरज नव्हती, उद्या कुणी उलटं वापरेल. वापरो. अर्ज अजून फायलीत आहे. संचमान्यतेचं काही कळलेलं नाही, ते माझ्या हातात नाही.

रविवारी मैदानावरच पालकांना बोलावलं. बारापैकी नऊ घरची माणसं आली, चार आया. गुणांचा आणि ५ टक्क्यांचा सगळा हिशोब कागदपत्रंवाल्या दादांनी सांगितला तसा सांगितला. दोघांचे चेहरे उतरले. स्मॅशरचे वडील आले होते, मागे मोटारसायकलवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘हे मला आधी सांगायला पाहिजे होतं.’ मी म्हटलं, बरोबर. ते म्हणाले, ‘मी आत यायला नको होतं.’ मीही काही बोललो नाही, तेही नाही. अजून त्यांना वाटतं की मी तिला परत घ्यायला हवं होतं, आणि नियम वाचल्यापासून मलाही तसंच वाटतं. मुलीला गुडघा दाखवायला जळगावला नेलं. जम्पर्स नीच निघालं. सहा आठवडे उड्या बंद. ती रोज येते, उभ्याने सर्व्हिस करते आणि लहान मुलींचे पास वहीत लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

दोन आयांनी बाहेरगावी सोबत यायचं कबूल केलंय. २४ तासांच्या नियमावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, पहिली सही माझी. निवडीसाठी तासिकेवरच्या मास्तरांना निरोप पाठवलाय, तारीख कळवा.

बायकोला सांगितलंय की हे वर्ष तरी टीम ठेवतो. ती म्हणाली, मग पहाटेचा चहा स्वतः करून जा.

लिफ्टर दादा, तुम्ही भुसावळहून किती वाजता निघू शकाल? पुढच्या रविवारी पोरीला मागे कसा द्यायचा ते तुमच्या हाताने दाखवा. आम्ही सहाला सुरू करतो, आठनंतर ऊन लागतं. चेंडू दोनच आहेत, जमलं तर एक घेऊन या.